दिवेवाल्याचा तास

तत्त्वज्ञान विभागात बाईंना सगळे टाचणबाई म्हणत. तोंडावर नाही अर्थात, तोंडावर नुसतं ‘बाई’. पण जिन्यात, कँटीनमध्ये आणि मागच्या बाकांवर त्या टाचणबाईच. नावात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. बाई वर्गात शिरायच्या त्या टाचणांची फाईल छातीशी धरून, आणि तास संपेपर्यंत मान वर केली तर ती फक्त घड्याळ बघायला. शेवटचा पूर्णविराम आणि बेल एकदमच पडायची. नव्या मुलांना वाटे, काय ही तयारी! एक मिनिट वाया नाही की एक वाक्य इकडचं तिकडे नाही.

तयारी कसली, ती भीती होती. बाईंना वर्गात कुणी प्रश्न विचारेल याची भीती वाटायची, आणि ती साधीसुधी नव्हती. हात वर होताना दिसला की त्यांचे तळवे ओले व्हायचे, घशाला कोरड पडायची, कानांत नळ सोडल्यासारखा आवाज यायचा. शिकवण्याच्या धंद्यात असून प्रश्नाला भ्यायचं म्हणजे पोहायला शिकवणाऱ्यानं पाण्याला भ्यायचं. पण पोट सगळ्यांनाच असतं, आणि बाईंना दुसरं काही येत नव्हतं.

या भीतीची सुरुवात त्यांच्या स्वतःच्या तोंडी परीक्षेत झाली. बावीस वर्षांची मुलगी, सगळा अभ्यासक्रम मुखोद्गत. समोर तीन परीक्षक. दोघांनी विचारलं ते तिनं धडाधड सांगितलं. तिसऱ्यानं चष्मा काढला आणि सहज विचारलं, “हे सगळं ठीक. यातलं तुम्हाला स्वतःला काय पटतं?” हे काही पाठ केलेलं नव्हतं. तिची दातखीळ बसली. एक मिनिट गेलं, दोन गेली. कुणीतरी पाणी पुढे केलं, ते तिनं सांडलं. परीक्षक आपसांत हळूच हसले. ते वाईट हेतूनं हसले नसतीलही, पण ते हसू पोरीच्या पोटात जे जाऊन बसलं ते बसलंच.

तिला पास केलं ते मोठ्या सरांनी. मोठे सर म्हणजे तेव्हाचे विभागप्रमुख. बुटके होते, पण वर्ग त्यांना वचकून असे, आणि त्यांच्यावर जीवही टाकत असे. त्यांनीच पुढे तिला विभागात तासाच्या पगारावर लावून घेतलं आणि निवृत्त होताना आपली फाईल तिच्या हातात ठेवली. म्हणाले, “पहिल्या वर्षाला तत्त्वज्ञानाचा इतिहास तू शिकव. यात सगळं आहे. पण नुसतं वाचू नकोस, जरा झगड त्याच्याशी.” बाईंनी यातलं ‘यात सगळं आहे’ एवढंच ऐकलं, आणि हायसं वाटून फाईल घरी आणली.

फाईल होतीही तशी झकास. पहिल्या वर्षाच्या मुलांना परकी, जीभ वळणार नाही अशी नावं फेकून मारायची नाहीत, अशी मोठ्या सरांची पद्धत. ते तत्त्वज्ञांना त्यांच्या कामधंद्यावरून किंवा खोडीवरून ओळखत. सगळं जग पाण्याचं झालंय म्हणणारा तो पाणीवाला. बाजारात लोकांना अडवून प्रश्न विचारणारा आणि शेवटी विष प्यावं लागलेला तो गवंड्याचा मुलगा. मग भिंगं घासणारा, मग रोज ठरल्या वेळी फिरायला निघणारा. नावं शेवटच्या तासाला, परीक्षेपुरती. एकशे चाळीस मुलं असत. त्यातली शंभर तरी दुसऱ्या विषयाची जागा भरली म्हणून इथे ढकललेली. पण दिवाळं निघालेल्या चेहऱ्यानं आलेली ही मुलंसुद्धा महिन्याभरात ‘आज कोण?’ असं जिन्यात विचारू लागत.

सगळ्यांत आवडता तास दिवेवाल्याचा. हा म्हणे एका बंदराच्या गावात रस्त्यावरचे दिवे लावायचा. फाईलमध्ये त्याची पाच पानं होती, आणि परीक्षेपुरतं एक परकं नावही. संध्याकाळी शिडी खांद्यावर टाकून तो निघे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत राही. त्याच्या लक्षात आलं की धीट माणसं अंधारातून सरळ चालत जातात, त्यांना काहीच दिसत नाही. घाबरलेल्याला मात्र प्रत्येक दगड दिसतो, प्रत्येक सावली दिसते. म्हणून तो म्हणे, भ्यालेला माणूसच नीट बघतो. पण बघून तो गप्प बसला तर त्याचं बघणं फुकट. भीती वाटली ना, मग विचार. हे वाचताना बाईंचा आवाज भरून येई. वर्षातून तेवढा एकच तास त्या मान वर करून, मुलांच्या डोळ्यांत बघून शिकवत.

आणि एवढं शिकवून झालं की सांगत, “प्रश्न असतील तर पेटीत टाका.”

ही पेटी म्हणजे खडूचा रिकामा डबा, वर भोक पाडलेला. वर्गात तोंडी प्रश्न नाहीत. चिठ्ठी लिहायची, नाव घालायचं नाही, डब्यात टाकायची, पुढच्या तासाला उत्तर मिळेल. लाजाळू मुलांचीही सोय होते म्हणून प्राचार्यांनी या पेटीचं भर सभेत कौतुक केलं होतं, आणि दोन विभागांनी ती उचललीही होती. बाई चिठ्ठ्या घरी नेत, उत्तरं येत असत ती लिहून काढत, आणि येत नसत त्या फाडून टाकत. बिननावी चिठ्ठी, तक्रार कोण करणार? अशी एकोणीस वर्षं गेली.

या एकोणिसाव्या वर्षी बाईंची कायम होण्याची फाईल वर गेली होती. इतकी वर्षं तासावर काढल्यावर आता फक्त एक सही बाकी होती. त्यामुळे बाई जीव मुठीत धरून वावरत होत्या. आणि नेमकं तेव्हाच लिफ्टवाल्याच्या मुलीनं निबंध लिहिला.

लिफ्टवाल्याची मुलगी म्हणजे तिचे वडील लिफ्टा दुरुस्त करायचे, विद्यापीठाच्याही तेच करायचे. घरातलं विद्यापीठात आलेलं हे पहिलंच माणूस. बारीक, खांदे आवळून बसणारी, खिडकीजवळची जागा. विभागाच्या वार्षिक निबंधासाठी पहिल्या वर्षातून तिची एकटीची निवड झाली होती. विषय, दिवेवाला. शुक्रवारी तीन जणांच्या समितीपुढे वाचायचा होता, आणि त्याआधी शिक्षकांची सही हवी होती.

सोमवारी मुलगी कागद घेऊन आली. बाईंनी उभ्या उभ्या वाचला. सुंदर लिहिला होता. शेवटी संदर्भांच्या यादीत एक पुस्तक होतं, खास दिवेवाल्यावरचं. लेखक, साल, पानांचे आकडे, सगळं व्यवस्थित. बाईंच्या अंगावर आनंदानं काटा आला. एकोणीस वर्षं हा माणूस त्यांना पाच पानांपुरताच भेटला होता, आणि त्याच्यावर अख्खं पुस्तक आहे! ‘संदर्भ तपासले आहेत’ या छापील ओळीखाली त्यांनी झोकात सही ठोकली. मुलगी कागद घेऊन जवळजवळ पळालीच.

मंगळवारी बाई ते पुस्तक मागायला ग्रंथालयात गेल्या. ग्रंथपाल जुने, ओळखीचे. त्यांनी नाव लिहून घेतलं, संगणकात बघितलं, जुन्या कार्डांचे खण ओढले, मग मध्यवर्ती ग्रंथालयाला फोन लावला. बाई खुर्चीत पाय हलवत बसल्या होत्या. अर्ध्या तासानं ग्रंथपाल कान चोळत आले.

“बाई, असं पुस्तक नाही.”

“आपल्याकडे नसेल.”

“कुठंच नाही. आणि बरं का, हा माणूसही नाही. तीन कोश पाहिले, दोन सूच्या पाहिल्या. तुम्ही याला शिकवता ना? कुठून शिकवता?”

“आहे एक जुनं टाचण,” असं काहीतरी पुटपुटत त्या उठल्या आणि पर्स टेबलावरच विसरून निघाल्या. ग्रंथपाल बिचारे पर्स घेऊन मागे धावले, तर बाईंना वाटलं, आता हे सगळ्यांसमोर आणखी काही विचारणार. त्या जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरल्या.

बुधवारी सकाळी त्या मोठ्या सरांकडे गेल्या. सर आता लेकीकडे राहत, तिसऱ्या मजल्यावर, मागच्या खोलीत. वय ब्याऐंशी, डोकं लख्ख, पाय मात्र सुजलेले. कोमट पाण्याच्या बादलीत पाय सोडून ते वर्तमानपत्र वाचत बसले होते. बाईंनी बसायच्या आधीच विचारलं.

“सर, दिवेवाला कुठल्या पुस्तकात आहे?”

सरांनी वर्तमानपत्र खाली केलं.

“आज विचारलंस?” ते म्हणाले. “कुठल्याच नाही. तो मी केला.”

बाई मिळेल त्या खुर्चीवर बसल्या.

“अगं, फाईल तुझ्या हातात द्यायच्या आदल्या आठवड्यात लिहिला. बाकीचे सगळे खरे, हा एकटा बनावट. तुझ्यासाठीच केला. म्हटलं, ही घाबरट पोर महिन्याभरात येईल, सर हा कोण म्हणून विचारेल, मग बसू, भांडू, हिची भीड चेपेल. वाट बघितली मी. पहिलं वर्ष गेलं, दुसरं गेलं. मग वाटलं, तुझ्या लक्षात आलंय, आणि माझं मन राखायला तू ती पानं गुपचूप काढून टाकलीस.” सर मिस्कील हसले. “काढलीस ना?”

“शिकवला, सर.”

“काय?”

“दरवर्षी शिकवला. एकोणीस वर्षं.”

सरांचं हसू मावळलं. त्यांनी पाय बादलीतून बाहेर काढले आणि ओल्या फरशीवर तसेच ठेवले.

“तुम्ही एक फोन करायचात,” बाई म्हणाल्या. सरांवर आवाज चढवायची ही त्यांची पहिलीच वेळ, आणि तो चढला तोही कापतच. “अडीच हजार मुलं होऊन गेली, सर! एक फोन!”

“दहा वर्षांपूर्वी करणार होतो,” सर हळूच म्हणाले. “फोन हातात घेतला होता. मग वाटलं, तू समजा शिकवत असलीस तर? लोक म्हणतील, म्हाताऱ्यानं पोरीला फसवलं. ठेवून दिला.” ते पायांकडे बघत होते. “घाबरलो.”

बाईंना ते ऐकवेना. मोठे सर घाबरतात, हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. त्यांनी शेवटची काडी धरल्यासारखं म्हटलं, “पण सर, त्याच्यावर पुस्तक आहे. माझ्या विद्यार्थिनीनं लिहिलंय, पानांच्या आकड्यांसकट. तुम्ही कुठंतरी वाचलेलं विसरला असाल.”

“मी केलेल्या माणसावर पुस्तक कोण लिहील?” सर म्हणाले.

पुढचं दोघांच्याही एकदमच ध्यानात आलं. सरांच्या लेकीनं चहा आणला, तो तसाच निवला.

खोटा संदर्भ देणाऱ्याचं वर्ष रद्द होतं. पहिल्या दिवशी मुलांना हा नियम बाईच वाचून दाखवत. आणि त्या संदर्भाखाली सही असलेल्या शिक्षकाचं काय होतं, ते नियमात लिहिलेलं नव्हतं, पण तासावरच्या शिक्षकाचं काय होणार हे सांगायला नियम कशाला हवा! बाई तडक घरी आल्या.

बाईंचे यजमान दातांच्या कवळ्या बनवत. पुढच्या खोलीतच त्यांचं काम चाले, टेबलावर ओळीनं जबडे मांडलेले. बाईंनी दारातच सगळं सांगून टाकलं. यजमानांनी हातातली कवळी पुसली, उजेडात धरली.

“हे बघ, आता मी आयुष्यभर खोटे दात केले,” ते म्हणाले. “लोक त्यांनी जेवतात ना? एवढ्या वर्षांत कुणाचं पोट दुखलं का तुझ्या त्या दिवेवाल्यानं?”

“अहो, चेष्टा नको.”

“चेष्टा नाही. कुणाला कळणार आहे? एकोणीस वर्षं कुणाला कळलं? समितीतले तिघं काय ग्रंथालयात जाऊन बघणार आहेत? पोरगी वाचेल, टाळ्या घेईल, तुझी सही होऊन येईल. गप्प बस की आठवडाभर.”

बाईंना हेच ऐकायचं होतं. आणि ऐकल्यावर त्या आणखीनच घाबरल्या, कारण यजमानांच्या बोलण्यात त्यांना काही चूक सापडेना.

गुरुवारी दुपारी बाईंनी मुलीला चौदा नंबरच्या रिकाम्या वर्गात बोलावलं. दार लोटून घेतलं. मुलगी पहिल्या बाकाला धरून उभी राहिली.

“बस ना गं.”

“नको बाई.”

“ते पुस्तक तुला कुठं मिळालं?”

मुलीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ती खोटं बोलेल, असं बाईंना वाटलं होतं. खरं तर तिनं खोटं बोलावं अशी त्यांची आतून इच्छा होती.

“मीच केलं,” मुलगी म्हणाली. “बाई, मी खूप शोधलं. कुठंच सापडेना. माझ्याच शोधण्यात चूक असणार, कारण तुम्ही शिकवलंय म्हणजे पुस्तक असणारच. फक्त मला नाव माहीत नाही. म्हणून… म्हणून मी नाव घातलं. नंतर खरं सापडलं की बदलणार होते.”

“अगं, पण विचारायचंस ना!”

“चिठ्ठी टाकली होती. तीनदा.”

बाई खुर्चीवर टेकल्या. हिरव्या शाईतली ती चिठ्ठी त्यांना चांगली आठवत होती. ‘दिवेवाल्यावरचं पुस्तक कुठं मिळेल?’ उत्तर येत नव्हतं म्हणून त्यांनी फाडली होती. दुसऱ्यांदा आली, दुसऱ्यांदा फाडली. तिसऱ्यांदा आली तेव्हा तर त्यांना रागच आला होता, कोण हे चिकट पोर म्हणून.

“वर्गात विचारायचंस. नाहीतर माझ्याकडे यायचंस.”

“भीती वाटली.”

“माझी? मी कधी कुणाला रागावले तरी आहे का?”

मुलगी बाकाचा कोपरा नखानं खरवडत राहिली. मग म्हणाली, “तुमची नाही बाई. तुम्ही घाबराल याची. प्रश्न विचारला की तुम्ही घाबरता ना. सगळ्यांनाच माहीत आहे. वरच्या वर्गातली मुलं पहिल्या दिवशीच सांगतात, या बाईंना काही विचारू नका, त्यांना त्रास होतो.”

इतकी वर्षं जे पदराआड लपवलं होतं म्हणून बाई निर्धास्त होत्या, ते वर्षामागून वर्ष एक तुकडी दुसऱ्या तुकडीला सांगत आली होती. दयेनं! बाईंना वाटलं, आत्ताच्या आत्ता फरशी दुभंगावी.

“ऐक,” त्या कशाबशा म्हणाल्या. “तुझ्या शोधण्यात चूक नव्हती. पुस्तक नाही, कारण तो माणूसच नाही. माझ्या सरांनी तो बनवला. मला काल कळलं.”

मुलीला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तशी ती रडायच्या बेताला आली. मग तिनं बाईंचा हातच धरला.

“बाई, कुणाला सांगू नका ना. प्लीज. माझं वर्ष जाईल. बाबांनी सगळ्यांना सांगितलंय, प्रत्येक लिफ्टमध्ये सांगतात ते. उद्या वाचते मी, मग कधीच नाही असं करणार. कुणाला कळणार नाही, बाई. कुणालाच कळणार नाही.”

काल यजमान जे बोलले तेच, जवळजवळ शब्दाला शब्द. बाईंनी तिचा हात थोपटला, “बघू” म्हणाल्या आणि वर्गाबाहेर पडल्या. काय बघणार होत्या ते त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी अकरा वाजता विभागाच्या लांब खोलीत समिती बसली. मधे विभागप्रमुख. बाईंच्या कायम होण्याच्या कागदावर सही करायची होती ती यांनीच. त्यांच्या डावीकडे भाषा विभागाच्या एक प्राध्यापिका, उजवीकडे बाहेरून बोलावलेले परीक्षक, पिकलेले केस, भारी कोट, आवाज घुमणारा. भिंतीलगतच्या खुर्च्यांवर दहा-बारा विद्यार्थी. बाई कोपऱ्यातली खुर्ची धरून बसल्या. कालपासून त्या जेवल्या नव्हत्या.

मुलीनं निबंध वाचला. चांगलंच वाचलं पोरीनं. बाई एकेक वाक्य मोजत होत्या. संपू दे, देवा, एवढं संपू दे, कुणी काही विचारू नये. तिनं वाचून कागद मिटला, आणि परीक्षकांनी घसा खाकरला तेव्हा बाईंची पाचावर धारण बसली.

“उत्तम,” परीक्षक म्हणाले. “आणि संदर्भग्रंथ तर फारच अचूक निवडलाय. महत्त्वाचं पुस्तक आहे हे. मी विद्यार्थी असताना वाचलं होतं. तिसरं प्रकरण विशेषच.”

बाईंना वाटलं, आपल्या कानांतच काहीतरी झालंय.

“हो, हो,” भाषेच्या प्राध्यापिका लगबगीनं म्हणाल्या, “हल्ली दुर्मिळ झालंय ते.”

“आपल्या ग्रंथालयात हवंच,” विभागप्रमुखांनी वहीत टिपून घेतलं. “मागवून घेऊ.”

मुलगी डोळे फाडून बाईंकडे बघत होती. सुटली होती ती. दोघीही सुटल्या होत्या. बाईंनी एक मोठा श्वास घ्यावा आणि घरी जाऊन जेवावं, एवढंच उरलं होतं.

पण बाईंना आयुष्यात कधी वाटली नव्हती एवढी भीती त्या क्षणी वाटली. आता पुस्तकाला तिसरं प्रकरणही झालं होतं. पुढच्या वर्षी दुसरी कुणी पोर तेच नाव लिहील, तेव्हा हेच परीक्षक पाचवं प्रकरणही सांगतील, आणि ही खिडकीजवळची मुलगी, जी हुशार आहे, एक दिवस एखाद्या अशाच टेबलामागे बसून, न वाचलेलं वाचलंय म्हणून मान हलवेल. तिला हे कुणी शिकवलं, हे विचारायला कोणी उरणार नाही. कोटवाल्या परीक्षकांना कुणी शिकवलं असेल, तेही कोण विचारतंय! त्या उभ्या राहिल्या ते धीर आला म्हणून नव्हे. बसून राहणं त्यांना जमेना, एवढंच.

“साहेब,” त्या म्हणाल्या. आवाज निम्माच फुटला. “असं पुस्तक नाही.”

“काय म्हणालात?” विभागप्रमुख वळले.

“पुस्तक नाही. तो दिवेवालाही नाही. आमच्या जुन्या सरांनी तो टाचणात बनवून घातला होता. मी कुठंही न तपासता शिकवला. या निबंधाखाली सही माझी आहे. जे काही करायचं ते माझं करा.”

परीक्षकांचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यांनी चष्मा पुसायला घेतला. भाषेच्या प्राध्यापिका खिडकीबाहेर बघू लागल्या. भिंतीकडच्या मुलांत एकाला हसू फुटलं, ते त्यानं खोकल्यात घातलं. बाईंनी मागची खुर्ची घट्ट धरून ठेवली होती.

“मग हे पुस्तकाचं नाव आलं कुठून?” विभागप्रमुखांनी विचारलं. “लेखक, साल, पानं?”

बाई गप्प राहिल्या. याचं उत्तर द्यायचं नाही, एवढं मात्र त्यांनी ठरवून ठेवलं होतं.

“मी घातलं,” मुलगी म्हणाली. ती टेबलापुढे तशीच उभी होती, हातात मिटलेला कागद. “बाईंना माहीत नव्हतं. मला विचारायची भीती वाटली.”

विभागप्रमुखांनी वही बंद केली. ते फार संतापले होते, आणि संतापण्यासारखं होतंही. आत्ताच ‘मागवून घेऊ’ असं लिहिलेलं पान त्या वहीत होतं.

“एकोणीस वर्षं झाली तुम्हाला,” ते बाईंना म्हणाले. “एकोणीस वर्षं! तुम्ही शिकवलंत तरी काय हो या मुलांना?”

“घाबरायला शिकवलं, साहेब,” बाई म्हणाल्या. “दुसरं काही शिकवलंय असं मला वाटत नाही. ही माझी सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी आहे.”

मग त्या टेबलापाशी गेल्या आणि मुलीशेजारी उभ्या राहिल्या.